अंधुक ठिपके

केतकीने आईचा स्फटिक नेहमीच्या सफाईने यंत्रात बसवला. अकरा वर्षं ती हेच काम करत होती. माणूस गेलं की त्याच्या मेंदूतल्या द्रवातून मिठाच्या कणाएवढा स्फटिक वाढवायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि पडद्यावर उमटलेल्या ठिपक्यांतून त्याच्या आठवणी जुळवायच्या. किरणांनी स्फटिक जळून जाई, म्हणून संधी एकच मिळे.

तिने सवयीने 'प्रक्रिया करा' दाबलं. पडद्यावर आईचं माहेर लख्ख उमटलं, विहिरीवरच्या शेवाळासकट. लहानपणची केतकीही दिसली; आजारपणात उशाशी बसलेली केतकी मात्र त्यात कुठेच नव्हती.

"अंधुक ठिपके वगळलेस का?" मागून विभागप्रमुख फडणीससरांनी विचारलं.

अंधुक ठिपके म्हणजे अलीकडच्या, अजून न मुरलेल्या आठवणी. घरच्यांना चित्र स्वच्छ हवं असे, म्हणून पडद्यावरच्या 'अंधुक ठिपके वगळा' या चौकटीत खूण कायमचीच असायची. खालच्या 'मूळ नोंदी पुसा'वरची खूण तिनेच कधीतरी केली होती, जागा वाचावी म्हणून.

"शेवटचे चार महिने मी तिच्या उशाशी होते, सर," ती म्हणाली. "तेवढेच गेले."

पुढचा स्फटिक कुणा परक्याच्या आईचा होता. केतकीने आधी दोन्ही खुणा काढल्या.