सहा लाल ठिपके

नकाशाची घडी उलगडली आणि मला माझी चूक दिसली. ट्रेकर्ससाठीच्या त्या नकाशावर गिधाडांच्या घरट्यांचे सहा लाल ठिपकेही छापले गेले होते. छपाईला पाठवताना संगणकावरच्या नकाशातला तो ठिपक्यांचा थर लपवायला मी विसरले होते. प्रती सकाळीच वाटल्या होत्या आणि पहिली टोळी ढोल घेऊन डोंगरावर निघालीही होती.

मी वनचौकीत धावले. घरटी मला दाखवली होती ती वनमजूर चिंधूमामांनी.

"मामा, घरट्यांचे ठिपके नकाशावर छापले गेले! ते बघून आता लोक पूर्वेच्या कड्याशी जाणार! बसलेली गिधाडं बिथरून उडाली, तर पिल्लं उन्हात मरतील."

मामा खो खो हसले. "रडतेस कशाला, पोरी? तिथं नुसते गिधाडांच्या घाणीचे जुने पांढरे डाग हायेत. शहरातनं आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी खरी जागा कोण दाखवतंय? आकडा खरा सांगितला. पण सहाच्या सहा घरटी पश्चिमेच्या कड्याला."

माझ्या जिवात जीव आला, पण क्षणभरच. घरट्यांना त्रास नको म्हणून संगणकावर मी लाल ठिपक्यांपासून सर्वांत लांबची वाट शोधून काढली होती.

"ही हिरवी रेघ कसली?" मामांनी विचारलं.

"ट्रेकची वाट. पश्चिमेच्या कड्यावरून जाते."

मामांचं हसू मावळलं. वर ढोल वाजू लागला. पश्चिमेच्या कड्यावरून गिधाडं एकामागोमाग उडाली.

मी मोजली. सहा.