पाणी किती आहे?

ऊर्जानगरचा भूपेश पावसाळ्यात मित्रांच्या फोर बाय फोर गाड्या जंगलातल्या नाल्यात उतरवायचा. पाणी कमी असलं तर मजा नाही, जास्त असलं तर गाडी वाहून जाणार. म्हणून निघण्याआधी तो नाल्याकाठच्या टपरीवाल्या मनकर्णाबाईंना फोन करायचा. आज मित्रांनी तीनदा करायला लावला.

"थांबा भाऊ, पाहून येऊ द्या," बाई म्हणायच्या आणि थोड्या वेळाने धापा टाकत सांगायच्या, "मांडीवरी हाये." शेवटच्या फोनला म्हणाल्या, "आता कमरेवरी आलं." गाड्यांमध्ये जल्लोष झाला.

एवढा त्रास देतो आणि कधी साधा चहाही घेत नाही, याची भूपेशला लाज वाटत होती. आज नाल्यावर पोचताच तो मुद्दाम टपरीत शिरला. साठीच्या बाई चुलीपाशी कुडकुडत बसल्या होत्या. लुगडं कमरेपर्यंत ओलंचिंब.

"एवढ्या गारठ्यात आंघोळ केली का बाई?"

"आंघोळ कायची भाऊ? तुमचे फोन आले ना."

भूपेशची मान वर होईना. तेवढ्यात बाहेरून मित्र ओरडला, "अबे, आता किती आहे ते विचार ना!"

तो तोंड उघडायच्या आत बाई लुगडं खोचत उठल्या होत्या.