मोकळी बाजू

“चौथी भिंत कुठी आहे?” पुनम मॅडमनं विचारलं.

गफ्फारचा हात कॉम्प्रेसरच्या बटणावर होता. तो त्यानं मागं घेतला. ताडोब्याच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा पेंटबॉलचा खेळ चाले. त्या बंदुकांच्या हवेच्या टाक्या आजवर नागपूरहून भरून यायच्या. पुनम मॅडम तिथल्या मॅनेजर. त्यांना घरची सोय पसंत पडली, तर यापुढं सगळ्या टाक्या चंद्रपुरात, गफ्फारच्या परसात भरल्या जाणार होत्या. बावीस वर्षं खाणीत कॉम्प्रेसर सांभाळलेल्या माणसाला खाण बंद पडल्यावर हे पहिलं धड काम मिळत होतं.

आणि सोय त्यानं चोख केली होती. टाकीवर ठोकलेली तपासणीची तारीख वाचल्याशिवाय तो टाकी घेत नसे. तिच्या तोंडाला तेलाचा थेंब लागू देत नसे. हवा हळू सोडायची, टाकी तापू द्यायची नाही, हे भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं. सायकलच्या चाकात चाळीस पौंड हवा भरतात. इथं तीन हजार. म्हणून टाकी भरायच्या जागेला तीन बाजूंनी हातभर जाड भिंती होत्या, आत रेती ठासलेल्या.

“चौथी बाजू मुद्दाम मोकळी ठेवली, मॅडम,” तो म्हणाला. “टाकी फुटली तं हवेले निघायले वाट पाहिजे. कोंडली तं भिंतीच घेऊन जाते.”

“बरोबर.” मॅडम त्या बाजूला वळल्या. दहा पावलांवर बांबूचा तट्टा होता. “अन् ह्या तट्ट्यामागं कोन राह्यते?”

तट्ट्यामागं मंगरू राहत होता. या भिंती ज्यानं बांधल्या तो गवंडी मंगरू, आणि तो तिथंच उभा होता. काम पुरं झालं की गवंड्याला दुपट्टा द्यायची रीत. सकाळीच दिलेला कोरा दुपट्टा त्याच्या खांद्यावर होता. बारा वर्षांचा शेजार. ईदचा शीरखुर्मा तट्ट्यावरून तिकडं जायचा, पावसाळ्यात कटवलं, म्हणजे रानातली करटोली, इकडं यायची.

चोराच्या मनात चांदणं. या प्रश्नाची धास्ती गफ्फारनं पंधरा दिवस घेतली होती. त्यानं पहिला नकाशा काढला, तेव्हा मोकळी बाजू त्याच्याच अंगणाकडं होती. त्याच्या बायकोनं, खुर्शीदानं, कागदावर बोट ठेवलं. “इथी आपली रूही खेळते. नातीपेक्षा टाकी मोठी झाली का?” गफ्फारनं मुकाट्यानं कागद फिरवून धरला; मोकळी बाजू तट्ट्याकडं गेली. जमिनीत खड्डा खणून टाक्या त्यात भरता आल्या असत्या, मोकळी बाजू आभाळाकडं निघाली असती, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. पण जमीन मुरमाची, खणायला महिना गेला असता, आणि रिसॉर्टचा हंगाम तोंडावर आलेला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! मंगरूला दोन पोरी आहेत हे त्याला रोज आठवायचं. रोज तो ते गिळायचा, आणि तट्ट्याकडं बघायचंच टाळायचा.

मंगरूनं एकदाच विचारलं होतं, “इकडून भिंत नाई का, भाऊ?”

“नाई. इकडून राहू दे.”

मंगरू जाणता गवंडी. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

“कोनी नाई राह्यत, मॅडम,” गफ्फार आता म्हणाला. शब्द तोंडातून निघाले आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मंगरू आता तोंड उघडणार, आणि उघडू दे, आपली तीच लायकी आहे, असं त्याला वाटलं.

मंगरूनं तोंड उघडलं. “नाई, मॅडम. कोनीच नाई राह्यत.”

त्यानं चारचौघांत मुस्काटात मारली असती तर गफ्फारला सोसलं असतं. हे सोसेना. शेजाऱ्याच्या कामात खोडा नको, म्हणून हा बाप आपल्या पोरी नाहीतच म्हणून सांगत होता.

सगळे भिंतीआड गेले. मशीन सुरू झालं. काटा पाचशेवर आला, हजारावर आला. मॅडम काट्याकडं बघून मान डोलवत होत्या. शाळा सुटली असेल, गफ्फारच्या मनात आलं. पोरी दप्तर टाकून अंगणात आल्या असतील. काटा दीड हजारावर आला आणि त्यानं मशीन बंद केलं. झडप उघडून भरलेली हवा हळूहळू सोडून दिली.

“मी खोटं बोललो, मॅडम,” तो म्हणाला. “तिकडं ह्याचंच घर आहे. दोन लहान पोरी आहेत. मी खड्डा खणून घेतो. तवरिक टाक्या नागपूरलेच पाठवा, नाईतं मले काम देऊ नका.”

पुनम मॅडमनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. काम गेलं तर गेलं, गफ्फारला वाटलं, निदान मान तर वर करता येईल. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यानं मंगरूच्या डोळ्यांत पाहिलं.

“खोटं कुठी बोलले, भाऊ?” मंगरू म्हणाला. “तुमी इकडून भिंत नको म्हनले ना, त्याच रोजी बायकोले अन् पोरीयले चामोर्शीले, तिच्या माहेरी पोचवून आलो. घर रिकामंच आहे.”

गफ्फार तट्ट्याकडं वळला. “मंग मले बोलला काऊन नाई?”

“बोललो असतो तं तुमाले लाज वाटली असती.”