जगदेवचा हॉर्न

"वाजला! अवो, वाजला!" उत्तमराव अंगणातूनच ओरडले. "जगदेवचा हॉर्न आला!"

धुरपताबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. सत्तरीला टेकलेला नवरा मोबाइल कानाला लावून उड्या मारतो, हे काय पाहायचं? पण आज उत्तमरावांचा वाढदिवस होता, म्हणून त्यांनी एवढं चालवून घेतलं.

व्हिडिओत दिसत काहीच नव्हतं. इकडे त्यांच्या गावाला, रिठदला होतं तसंच तिकडे रुळाजवळ, अनसिंगलाही डिसेंबरचं धुकं, नुसता पांढरा पडदा. पण आवाज! लांबून सुरू झालेला हॉर्न जवळ येत गेला, इंजिन समोर येईस्तोवर तुटला नाही, आणि तिथेच व्हिडिओ संपला.

"ड्रायव्हरचं बोट बटनावरून उठलंच नाई, पाह्य," उत्तमराव सुनेला म्हणाले. "असा हॉर्न आमच्या ग्रुपात कोणाच्या बापाले भेटला नाई. राधिका, याची रिंगटोन करून दे मले."

राधिकानं हसत करून दिली.

हा ग्रुप म्हणजे रेल्वेवेड्यांचा. सगळे भाजीवाले नाहीतर शेतकरी, पण गाडी आली की टोपली टाकून रुळाकडे पळणारे. त्यांची एक रीतच पडली होती. ज्याचा वाढदिवस त्यानं घरी बसायचं. दोस्तानं अनसिंगच्या पुढच्या वळणावर जाऊन सकाळच्या गाडीला हिरवी झेंडी दाखवायची, ओळखीच्या ड्रायव्हरनं हॉर्न द्यायचा, आणि तो हॉर्न हीच शुभेच्छा. हॉर्न जितका लांब तितकं आयुष्य लांब, असं ते हसत हसत सांगत आणि मनातून खरं मानत.

उत्तमरावांसाठी दरसाल केनवडचा जगदेव जायचा. शाळेपासूनचा दोस्त. तो झेंडी दाखवायचा आणि त्याची बायको प्रयागबाई जीपमध्ये बसून शूटिंग करायची.

मागच्या साली मात्र घोटाळा झाला. धुक्यात ड्रायव्हरला झेंडी दिसली नाही आणि गाडी मुकाट निघून गेली. उत्तमराव असे फुगले की विचारू नका. वाशीमच्या भाजीबाजारात, चार लोकांदेखत, त्यांनी जगदेवला झाडला.

"कोसभर दूर उभा राहून झेंडी हालवतं, त ड्रायव्हरले का सपन पडते? जीव येवढा प्यारा असन त घरीच झोपत जाय!"

जगदेव जीपीत बसला आणि निघून गेला. पुढे वर्षभर ना फोन, ना राम राम.

पावसाळ्यात उत्तमरावांना दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. "औंदा बी हॉर्न नाई आला, त मी काई पुढचा हिवाळा पाहत नाई," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ते जगदेवच्याही कानावर जावं, ही त्यात मेख होती. स्वतः फोन करतील तर उत्तमराव कसले! काल संध्याकाळपासून मोबाइल मांडीवर घेऊन बसले होते.

आणि आज हा हॉर्न!

त्यांनी तो ग्रुपवर टाकला. कोणी टाळ्या नाहीत, अंगठा नाही, काही नाही.

"जळून राह्यले लेकाचे," ते म्हणाले.

जगदेवला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

"अजून रुसूनच हाय. लय आकड्या हाय साला!" हे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात गोपालचा फोन आला. हा अनसिंगचाच, ग्रुपातला सगळ्यात तरणा.

"काका... ते जगदेवकाका..."

"आइकला रे, आइकला! अख्ख्या रिठदले आइकवला!"

"काका, तुमी इकडं या. वळणावर. आमी सारे इथंच हाओ."

"आता कसं बोलला! निघालोच मी."

धुरपताबाई म्हणाल्या, "धुकं त उतरू द्या. तुमाले धुक्यात गाडी जमत नाई."

"तो केनवडहून अंधारात आला, अन् मी उजेडात नाई जाऊ का?"

पेढ्यांचा पुडा शेजारी ठेवून उत्तमरावांनी भाजीची पिकअप काढली. समोरचं दहा पावलांवरचं दिसेना. काच पुसली की पुन्हा ओली. शेवटी खिडकीतून मुंडकं बाहेर काढून, गारठ्यानं कान बधिर करून घेत ते चालवत राहिले. वाशीमच्या अलीकडे एक ट्रक अंगावरच आला. उत्तमरावांनी कशीबशी गाडी खाली घेतली आणि ट्रकवाल्याला मनसोक्त शिव्या दिल्या. एरवी ते तिथूनच माघारी फिरले असते. आज त्यांना जगदेवला मिठी मारायची होती. आधी एक गुद्दा, मग मिठी. आणि त्या भाजीबाजारातल्या बोलण्याबद्दल माफी. ती कशी मागायची, हे मात्र अनसिंग आलं तरी जमत नव्हतं.

वळणावर धुक्यात माणसंच माणसं उभी होती. अख्खा ग्रुप! म्हणून कोणी उत्तर देत नव्हतं तर. रेल्वेचा एक खाकीवालाही आला होता. उत्तमरावांना हसूच फुटलं.

"काय रे चोट्टेहो! मले बलावून कायले मुके झाले?"

गोपाल पुढे आला. माणसं बाजूला झाली. मागे जगदेवची जीप उभी होती, आणि जीपीत मोबाइल मुठीत धरून प्रयागबाई बसली होती.

"वयनी, कुठं लपवला त्याले?" उत्तमरावांनी पुडा पुढे केला. "आज सोडत नाई मी."

प्रयागबाईनं पुड्याकडे पाहिलं.

"'औंदा झेंडी दिसलीच पाह्यजे,' म्हणे," ती म्हणाली. "धुकं लय होतं भाऊजी. म्हणून रुळाच्या मंधात जाऊन उभे राह्यले. मले म्हणे, हॉर्न वाजला का लगेच उत्तमले धाडजो, तो वाट पाहून राह्यला असन. मले जीपीतून काईच दिसत नव्हतं. हॉर्न वाजला, मी धाडला."

तेवढ्यात कोणाचा तरी शुभेच्छांचा फोन आला, आणि उत्तमरावांच्या खिशात तो हॉर्न वाजू लागला.