तिसरं कडवं

बायको गेल्यापासून घरातल्या स्टुडिओत त्याने तिच्या अर्धवट राहिलेल्या गाण्याला हात लावला नव्हता. दोन कडवी गाऊन तिला धाप लागली होती. "तिसरं उद्या गाते," म्हणाली, आणि तो उद्या काही उजाडला नाही. पण लेक आता सासरी परत निघाली होती आणि आईचा आवाज सोबत न्यायचाच म्हणून हटून बसली होती.

आवाज हळू ठेवायचा, तासाभराने कानांना विश्रांती द्यायची आणि शेवटी दार उघडं ठेवून दुसऱ्या खोलीत कुणाला तरी ऐकायला बसवायचं, हे मिक्सिंगचे नेम त्याने कधी मोडले नाहीत. पूर्वी स्वयंपाकघरात बायको बसायची. आज लेक बसली.

गाणं संपलं. तिसऱ्या कडव्याच्या जागी नुसती गिटार वाजली.

"आईने शेवटचं कडवं काय सुरेख गायलंय!" लेक तिथून म्हणाली. "गिटार तेवढी कमी करा."

"शेवटचं कुठलं? दोनच आहेत."

"काय हो बाबा, हेडफोन लावून लावून कान गेले वाटतं तुमचे!"

त्याने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. तिच्या आवाजाची रेघ दुसऱ्या कडव्यानंतर सपाट होती. त्याने तो भाग पुन्हा लावला आणि कानात प्राण आणून ऐकला. गिटारच होती. मग त्याने गिटारही पूर्ण बंद केली. खोलीत काहीच वाजेना.

"आता कसं! शब्दन् शब्द कळतोय," लेक म्हणाली.

त्याने स्पीकर बंद केले आणि तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. "बाळा, मी सगळं बंद केलंय."

लेकीने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना. ती चौथं गातेय."