कारल्याचा गुण

रक्ताच्या रिपोर्टातल्या सीआरपीच्या, म्हणजे सुजेच्या आकड्याभोवती डॉक्टरांनी लाल पेनानं गोल केला, तेव्हा दौलतराव खुर्चीत आणखी खाली सरकले. भांडं फुटलं! दोन वर्षं बायको रोज सकाळी कारल्याचा रस हातात ठेवायची. तो रस ते गुपचूप कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायचे आणि फिरायला म्हणून थेट जिलबीवाल्याकडं जायचे.

"हा काकूंचा रिपोर्ट," डॉक्टर म्हणाले. "अंगात कुठंतरी सूज धुमसतेय. आज काही दुखत नाही, पण पुढं साखर आणि हृदयविकार, दोन्हींचा धोका. हिरड्याही सुजल्यात. मिश्री लावता ना? आधी ती बंद."

शेजारी बसलेल्या बायकोनं पदर तोंडाला लावला. "आणि ह्यांचा?"

"काकांचा झकास. साखरसुद्धा."

दौलतराव हसू दाबायला गेले. पण तिचा उतरलेला चेहरा बघितला आणि दाबायला हसूच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मिश्रीचा डबा कचऱ्यात टाकला आणि रसाचे दोन पेले भरून आणले.

"तुम्हाला एवढा गुण आला, मग मलाही येईल की! पण एकटीच्यानं हे कडू जायचं नाही. बसा समोर."

दौलतरावांनी कुंडीकडं बघितलं. कढीपत्ता लेकाचा नुसता तरारला होता. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि उघडलंच आहे म्हणून पेला त्यात रिकामा केला. पार बेंबीपर्यंत कडू झालं.

"अगं बाई," ती म्हणाली, "दोन वर्षं पिताय, तरी अजून तोंड वाकडं?"