मेणाची मासोळी

चोपन्न साली हातकागदाचं काम पाहायला नरहर जपानला निघाला, तेव्हा भागीरथाबाईंनी लेकाला गळ्यातल्या माळेची शपथ घातली होती, "मासोळीले शिवू नोको."

रोहण्याला परतल्यावर तो छातीठोक म्हणाला, "क्योतोत दिवसभर देवळं पाह्यली, कागदी पंखे करणारे कारागीर पाह्यले. पण माय, खाल्ला तो तुहा चिवडाच!"

मग त्यानं ऐटीत पेटीतून भातावरची मासोळी काढली. माय दोन हात मागं सरली.

"मेणाची आहे वं! खानावळीवाले नमुना म्हणून काचेत मांडतात. खऱ्या मासोळीसंगं हिरवी चटणी देतात. राईएवढी लावली तरी नाकात असा झणका जाते का बस!" सांगता सांगता नरहरनं डोळेसुद्धा पुसले.

 

भागीरथाबाई शांतपणे म्हणाल्या, "मंग चटणी चिवड्याले लावून खाल्ली का रे, बाबू?"